वाचक आठ ते ऐंशी: वयोगटानुसार ऑनलाइन मजकूर लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातली वाचनालयं, दवाखाने, वारसा सहली काढणारे गट, शिकवण्या, सोसायट्या यांच्यासाठी मी मराठीत ऑनलाइन मजकूर लिहिते आणि लिहिणाऱ्यांचे वर्गही घेते. प्रत्येक वर्गात तेच प्रश्न फिरून येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. यात माझी मतंही आहेत आणि ती मी मतं म्हणूनच लिहिली आहेत.

वयोगट नेमके कसे पाडायचे?

ढोबळमानाने मी सहा गट धरते: नुकती अक्षरं लावायला शिकलेली ६ ते ८ वर्षांची मुलं, स्वतःचं स्वतः वाचणारी ९ ते १२ ची, १३ ते १७, १८ ते २५, मग साठीपर्यंतची मोठी माणसं आणि साठीपुढचे ज्येष्ठ. पण आकड्यांना फार चिकटू नका. वयाप्रमाणे वाचकाच्या पाच गोष्टी बदलतात: डोळे, बोटं, हाताशी असलेला वेळ, त्या विषयाची आधीची माहिती आणि मनातली धास्ती. बुद्धी या यादीत नाही. मजकूर बिघडतो तो बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने ती यादीत घुसवल्यामुळे.

म्हणजे ज्येष्ठांसाठी सोपं करून लिहायचं नाही?

सोपं वापरता येईल असं करायचं. समजायला सोपं करण्याची गरज फार कमी वेळा असते. कोथरूड, सहकारनगर किंवा सदाशिव पेठेतल्या सत्तरीच्या वाचकाने आयुष्यभर रोजचं वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचलेलं असतं. कुणी बँकेत हिशेब सांभाळलेले, कुणी खडकीच्या कारखान्यात यंत्रं चालवलेली, कुणी तीस वर्षं गणित शिकवलेलं. त्यांना ‘आजी-आजोबांसाठी सोप्प्या टिप्स’ अशा सुरात लिहिलं की ते पान बंद करतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

अडतं कुठे ते सांगते. कोथरूडच्या एका काकूंशेजारी बसून मी त्यांना एका तपासणी शिबिराची नोंदणी करताना पाहिलं. फोनमधलं अक्षर त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात मोठं केलेलं होतं. त्यामुळे पानावरचा मेनू दोन ओळींत फुटला होता आणि ‘पुढे’ हे बटण कीबोर्डच्या मागे दडलं होतं. काकू नाव नीट टाइप करत होत्या, जन्मतारीखही बरोबर होती. पुढे जायला मात्र जागाच सापडत नव्हती. बटण दिसल्यावर त्यांनी त्यावर बोट ठेवलं ते जरा जास्त वेळ, डोअरबेल दाबावी तसं. फोनला वाटलं मजकूर निवडायचाय, आणि भलतीच खिडकी उघडली. काकू म्हणाल्या, “माझंच काहीतरी चुकलं असेल.” तो फॉर्म मी लिहिला होता. चूक माझी होती, आणि मान खाली त्यांनी घातली होती. त्या दिवसापासून कुठलाही फॉर्म मी अक्षर सर्वांत मोठं करून तपासल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

शब्दांचंही तसंच. ‘स्वाइप करा’पेक्षा ‘बोट डावीकडे सरकवा’, ‘मेनूमध्ये जा’पेक्षा ‘वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबा’. याने कुणाचा अपमान होत नाही आणि तरुणांनाही ते खटकत नाही. उलट ‘संकेतस्थळावरील दुव्यावर टिचकी मारावी’ हे कुठल्याच वयाचं माणूस बोलत नाही. लिंक, ओटीपी, पासवर्ड हे शब्द ऐंशीच्या आजोबांनाही ठाऊक आहेत. ते तसेच ठेवा.

अक्षर केवढं ठेवायचं?

मजकुराचं अक्षर मी १८ पिक्सेलच्या खाली नेत नाही. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या-रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजीला पुरेल एवढं ओळींतलं अंतर आपल्याला दाटीचं होतं. ते अक्षराच्या दीडपटीपेक्षा जास्तच हवं, मी १.७ पट ठेवते. दोन अक्षरांतलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. जोडाक्षरं फार ठळक केली की ‘ष्ठ’, ‘द्ध’ यांची पोटं भरून जातात आणि नुसता काळा ठिपका उरतो.

वेबवरच्या सुगमतेचे आंतरराष्ट्रीय निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, साध्या आकाराच्या अक्षरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ एवढा फरक मागतात. पान २०० टक्के मोठं केलं तरी काही तुटू नये, असंही सांगतात. २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेचं किमान माप २४ पिक्सेल आहे. मी अधिक कडक पातळीचं ४४ पिक्सेलचं माप पाळते. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगाचं अक्षर डिझायनर मंडळींना फार आवडतं. ते नाकारायला शिका. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा-हिरवा वेगळा ओळखणं जड होतं, म्हणून नुसत्या रंगावर अर्थ सोपवू नका. ‘हिरव्या चौकटीतले वार रिकामे’ असं लिहाल तर चौकटीत ‘रिकामा’ हा शब्दही घाला.

आणि हे फक्त ज्येष्ठांपुरतं नाही. जवळच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो ते उगाच नाही.

आम्ही सगळी माहिती व्हॉट्सॲपवर पोस्टर करून पाठवतो. चालेल ना?

एकटं पोस्टर नको. चित्रातलं अक्षर फोनच्या सेटिंगने मोठं होत नाही, आणि चिमटीत धरून मोठं केलं की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते. त्यातला पत्ता उचलून नकाशात टाकता येत नाही. टॉकबॅकसारखी वाचून दाखवणारी सोय वापरणाऱ्या वाचकाला बहुतेक वेळा ‘चित्र’ एवढंच ऐकू येतं. पोस्टर पाठवा आणि त्याखाली तीच माहिती मजकुरात लिहा: वार, तारीख, वेळ, जागा, फोन.

तारीख अक्षरी लिहा. ०५/०६ म्हणजे कुणाला ५ जून वाटतो, कुणाला ६ मे. ‘शुक्रवार, ५ जून, सायंकाळी ६’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

ज्येष्ठ वाचक लिंक उघडतच नाहीत. काय करावं?

त्यांचा संशय रास्त आहे. पोलीस किंवा सीबीआय अधिकारी असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी द्यायची आणि पैसे काढायचे, असे प्रकार देशभर घडले आहेत. कायद्यात अशी अटकच नाही, तरी माणसं घाबरतात. मुलं परगावी किंवा परदेशी आणि घरात दोघंच, अशी घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांना ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असं आपणच सांगितलंय. त्यांनी ते ऐकलं तर तक्रार कशाची?

तेव्हा तुमचा मजकूर फसवणाऱ्याच्या मजकुरासारखा दिसता कामा नये. ‘ताबडतोब’, ‘शेवटची संधी’, ‘अन्यथा बंद होईल’ हे शब्द काढून टाका. आखूड केलेली लिंक देऊ नका, पूर्ण पत्ता दिसू द्या. संस्थेचं नाव, ठिकाण आणि जिथे खरोखर माणूस उचलेल असा फोन नंबर वर द्या. शक्य असेल तर ‘नोंदणी फोनवरही होईल’ ही एक ओळ घाला. या ओळीने फोनची संख्या वाढते ती थोडीच, लिंक उघडणारे मात्र वाढतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पैशांच्या व्यवहाराचं पान असेल तर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक खाली द्या.

आमची मुलं मराठी बोलतात, पण वाचायचा कंटाळा करतात. त्यांच्यासाठी मराठीत लिहावं का?

लिहावं. आधी ‘कंटाळा’ हा शब्द मात्र बाजूला ठेवूया. इंग्रजी माध्यमातली चौदा वर्षांची मुलगी घरी अस्खलित मराठी बोलते, आजीच्या म्हणी तिला कळतात, नाटकाला गेली तर विनोदावर पहिली हसते. देवनागरी मात्र ती तिसरीतल्या मुलाच्या वेगाने वाचते, कारण तिच्या डोळ्यांना सराव नाही. तिचं मराठी वय चौदा आहे आणि देवनागरी वय आठ. दोन्ही लक्षात घेऊन लिहायला हवं. आशय चौदाचा, परिच्छेद आखूड, शेजारी ऐकण्याची सोय. मी अशा वाचकांसाठी मजकूर आवाजात ध्वनिमुद्रित करून वर ठेवते. ऐकता ऐकता डोळे ओळीवरून फिरतात आणि वेग वाढतो.

अंकांकडेही बघा. ५ आणि ६, १ आणि ९ इथे ही मुलं अडखळतात. फोन नंबर आणि बसचा क्रमांक मी त्यांच्या पानांवर इंग्रजी अंकांत देते. शिवाय देवनागरी अंकांतला नंबर दाबला की फोन लागेलच असं नाही. तिथे कॉलची लिंक हाताने जोडावी लागते, हे विसरू नका.

मराठी माध्यमातल्या त्याच वयाच्या मुलाचं हे सगळं उलटं असू शकतं. म्हणून म्हटलं, आकड्यांना चिकटू नका.

अगदी लहान मुलांच्या पानात काय वेगळं करायचं?

सहा-सात वर्षांचं मूल शब्द अक्षर-अक्षर लावत वाचतं. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात त्याच्या लक्षात राहिली पाहिजे. सहा-सात शब्दांचं वाक्य, एका ओळीत एक कल्पना, जोडाक्षरं मोजकी. ‘विद्यार्थ्यांनी’ऐवजी ‘मुलांनी’. पण अनुभव नेमका द्या. ‘सुंदर पक्षी’ म्हणू नका, ‘शेपटी उडवणारा बुलबुल’ म्हणा.

एक बारीक गोष्ट, जी फार कमी जण पाहतात. शाळेच्या पुस्तकात मुलं मराठी वळणाचे ल आणि श गिरवतात. फोनवर बहुतेक फॉन्टमध्ये दिसतात ते हिंदी वळणाचे. मोठ्यांना फरक जाणवतही नाही. नुकती अक्षरओळख झालेलं मूल थबकतं आणि विचारतं, हे काय आहे? राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला प्रमाण करताना या अक्षरांचं वळण ठरवून दिलेलं आहे. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि पानाची भाषा ‘मराठी’ अशी कोडमध्ये नोंदवली की आपोआप मराठी वळण येतं. वेबसाइट करणाऱ्याला एवढंच सांगायचं असतं. पाच मिनिटांचं काम आहे.

मुलांशी कसं बोलावं हे शिकायचं असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक बघा. सेनापती बापट रस्त्यावरच्या याच संस्थेतून ते १९७१ पासून निघतं आणि जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. मुलांना कमी न लेखता त्यांच्याशी बोलणारं गद्य त्यात पानोपानी सापडतं.

तू, तुम्ही की आपण?

बारापर्यंत ‘तू’. तेराच्या पुढे मी ‘तुम्ही’वर येते, कारण अनोळखी माणसाने केलेलं अरे-तुरे या वयाला नेमकं टोचतं. मोठ्यांना ‘तुम्ही’. ज्येष्ठांनाही ‘तुम्ही’च. प्रत्येक वाक्यात ‘आपण आपला अर्ज आपल्या सोयीने’ असं आलं की ती सरकारी नोटीस होते, शिवाय ‘आपण’ म्हणजे वाचक की आपण सगळे हा घोळ उरतोच. आदर क्रियापदात असतो. ‘या, बसा, विचारा’ यात तो पुरेपूर आहे.

‘तू’ वापरताना मराठीची एक अडचण येते, ती म्हणजे लिंग. ‘तू काय करतोस?’ लिहिलं की वाचणाऱ्या मुलीला कळतं, हे आपल्याला विचारलेलं नाही. ‘करतोस/करतेस’ अशी तिरकी रेघ वाचनात खड्डा पाडते. त्यापेक्षा वाक्य फिरवा: ‘तुला काय आवडतं?’, ‘तू काय करशील?’, ‘बघ, मोज, लिहून ठेव’. आज्ञार्थ आणि भविष्यकाळ दोघांनाही सारखेच लागू पडतात.

एकच विषय वेगवेगळ्या वयांना कसा सांगायचा, उदाहरण मिळेल का?

शनिवारवाडा घेऊ. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग. तारखा सगळ्यांसाठी त्याच. दार वेगळं.

आठ वर्षांच्या मुलाला मी दिल्ली दरवाज्यापाशी उभं करते. ‘दारावर टोकदार खिळे आहेत. ते इतक्या उंचावर का? हत्तीचं कपाळ किती उंच असतं?’ उत्तर त्यानेच शोधायचं. मग आग: लाकडाचे मजले जळाले, दगडी तट राहिला. ‘आज तुला काय दिसतं? दगड की लाकूड?’ इथे इतिहास त्याला डोळ्यांनी दिसतो.

पंधरा वर्षांच्या वाचकाला मी ३० ऑगस्ट १७७३ पासून सुरुवात करून देते. नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते, त्याच महिन्यात अठरा पूर्ण झालेले. अठरा हा आकडा या वयाला आतून कळतो. ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट त्यांनी ऐकलेली असते. ती आख्यायिका आहे, आणि आख्यायिका व पुरावा यांत फरक कसा करायचा हे सांगण्याचं हेच वय.

लहानांना खून सांगायचा का, असं पालक विचारतात. खोटं सांगू नये, आणि मागितल्याशिवाय तपशील देऊ नये. ‘इथे एका तरुण पेशव्यांना त्यांच्याच वाड्यात मारलं गेलं’ एवढं वाक्य नऊ वर्षांच्या मुलाला पुरतं. किंकाळ्या ऐकू येतात वगैरे भुताटकी मी कुठल्याच वयाच्या पानात लिहीत नाही. तिच्यावर टिचक्या भरपूर पडतात, पण वाड्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आणि ज्येष्ठांना? ही सगळी गोष्ट त्यांना पाठ असते. त्यांना हवं असतं ते हे: पायऱ्या किती, बसायला सावली आहे का, रिक्षा दारापर्यंत येते का. ते मी त्यांच्या पानावर सगळ्यात वर लिहिते. मग त्याखाली कागदपत्रांतला एखादा त्यांनी न वाचलेला तपशील, कारण नव्याची ओढ त्यांनाही असते.

१८ ते २५ वयोगटाला काय आवडतं?

नेमकेपणा. पेठांत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा तुमचं पान उघडतो तेव्हा त्याला फी, शेवटची तारीख, पत्ता आणि ‘आधी पैसे भरावे लागतील का’ हे हवं असतं. ते दोन ओळींत द्या. त्याच्यासारखं बोलण्याची धडपड करू नका. उसनी बोली त्याला लगेच कळते, आणि सहा महिन्यांत ती जुनीही होते.

मधल्या पिढीसाठी वेगळं काही?

ही पिढी तुमची पोस्टमन आहे. हिंजवडीच्या बसमध्ये उभ्याने वाचणारी बाई स्वतःपुरतं वाचत नसते. सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं शिबिर आणि मुलाच्या उन्हाळी वर्गाचं वेळापत्रक, दोन्ही तिच्याच फोनमधून पुढे जातं. म्हणून ज्येष्ठांच्या आणि मुलांच्या प्रत्येक पानाच्या वर, तसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा दोन ओळींचा गोषवारा लिहा. तो वाचून घरी काय सांगायचं ते तिला कळलं पाहिजे. जाहिरातीचे गोडवे त्यात नकोत.

मुलांसाठीच्या पानाला कायदा लागू होतो का?

माहिती गोळा करत असाल तर होतो. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, २०२३ नुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिची वैयक्तिक माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि तिच्या वावरावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलांविषयीच्या जबाबदाऱ्या मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीसारख्या तरतुदींसाठी १८ महिन्यांचा अवधी दिला गेला. काही संस्थांना सवलती आहेत, आपल्याला लागू होतात का ते वकिलांना विचारा.

चित्रकला स्पर्धेसाठी मुलाचं नाव, शाळा, वर्ग, फोटो आणि घरचा पत्ता मागणारे फॉर्म मी दर वर्षी बघते, आणि दर वेळी अस्वस्थ होते. पत्ता कशाला हवा? पालकांचा नंबर आणि मुलाचं पहिलं नाव पुरतं. निकालाच्या पानावर शाळेच्या नावासकट फोटो लावू नका.

यूट्यूबवर मुलांसाठीचा व्हिडिओ ‘मुलांसाठी बनवलेला’ असा नोंदवावा लागतो. तसं केलं की प्रतिक्रिया बंद होतात. होऊ द्या.

प्रत्येक वयासाठी वेगळं पान करायचं का?

लहान मुलांसाठी हो. बाकीच्यांसाठी बहुधा नाही. वर कामाची माहिती, मग मुख्य मजकूर, खाली खोलात जाणाऱ्यांसाठी तपशील, अशी एकाच पानाची उतरंड पुरते. चार पानं केलीत की तारीख बदलताना तीन बदलता आणि चौथं राहून जातं.

आम्ही एआयला ‘ज्येष्ठांसाठी लिही’ असं सांगून मजकूर करून घेतो. ठीक आहे का?

पहिला खर्डा म्हणून ठीक. पण त्यात लाडावलेला सूर, इंग्रजीच्या वळणाची वाक्यं आणि कधी कधी बिनबुडाचे तपशील येतात. तारखा, वेळा, औषधांची नावं, पत्ते स्वतः तपासा आणि मजकूर मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडेल तिथे पुन्हा लिहा.

मजकूर जमला की नाही हे कसं ओळखायचं?

तीन माणसं बसवा: एक दहा वर्षांचं, एक पस्तिशीचं, एक सत्तरीचं. फोन त्यांचाच असू द्या, तुमचा नको, कारण त्यांच्या फोनचं अक्षर, त्यावरचा ओरखडा, मंद नेट हे सगळं त्यात आलं. दहा मिनिटं गप्प बसा. मदतीला हात पुढे करू नका, हे सगळ्यात अवघड असतं. शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका. भिडेखातर सगळेच हो म्हणतात. ‘आता तुम्ही काय कराल?’ असं विचारा. उत्तरात चुकीचा वार आला किंवा नुसतं ‘मुलाला विचारते’ आलं, तर त्या जागी मजकूर पुन्हा लिहायचा.

एकदा लिहिलेलं पान पुन्हा कधी बघायचं?

दर सहा महिन्यांनी, आणि शहरात काही बदललं की त्याच आठवड्यात. २९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि शनिवारवाड्याजवळ कसबा पेठ स्थानक आलं. आमच्या सहलीच्या पानावर मात्र पुढचे कित्येक आठवडे बस आणि रिक्षाचाच रस्ता होता. तरुणांनी नकाशा उघडला आणि ते आले. सत्तरीच्या चौघांनी पानावर विश्वास ठेवला आणि लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून धापा टाकत पोहोचले. आता त्या पानाची पहिली ओळ अशी आहे: ‘मेट्रोने कसबा पेठला उतरा, लिफ्टने वर या, आम्ही वर उभे असू.’